नंबर तोच, पाय वेगळा

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आई-बाबा कोल्हापूरहून पहिल्यांदाच शारजाला आमच्याकडे आले. इथला हिवाळा म्हणजे तसा सुखद गारवा. पण रास अल खैमाच्या जेबेल जैसवर संध्याकाळी वारं सुटलं की कानटोपी शोधावी लागते. तिथे जायचं ठरलं आणि प्रश्न आला बाबांच्या पायांचा. जन्मभर कोल्हापुरी घातलेला माणूस. गुडघे दुखतात, वाकून लेस बांधणं जमत नाही. म्हटलं, चेल्सी बूट घेऊ. घोट्यापर्यंत उंच, लेस नाही, चेन नाही. दोन्ही बाजूंना इलॅस्टिक आणि मागे ओढायला पट्टी. पाय घातला की झालं.

दुकानात बाबांनी नेहमीचा आठ नंबर सांगितला. बूट जरा घट्टच होते. "असू दे रे, नवं पायताण आवळच पाहिजे. आठ दिवसांत सैल पडतंय," बाबा म्हणाले. लहानपणापासून हेच ऐकलेलं, मलाही पटलं. डोंगरावर दोन तास फिरलो, फोटो काढले. बाबांची एकदाही तक्रार नाही. रात्री मोजे काढताना आईच्या लक्षात आलं, करंगळीजवळ फोड येऊन फुटला होता आणि मोजा रक्ताने चिकटला होता. बाबांना पत्ताच नव्हता! बारा वर्षांचा मधुमेह, पायांची संवेदना कमी झालेली. जखम भरायला पाच आठवडे लागले, परतीची तिकिटं पुढे ढकलली. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "बूट घेताना पाय मोजला होता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांचा नियम खोटा नाही, पण तो कोल्हापुरीचा आहे. ती पुढून उघडी, बोटांना अडवायला काही नाही. झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं तिचं चामडं हळूहळू पायासारखं वळतं. बंद बुटात चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. बोटं पुढे टेकत असतील तर ती कायम टेकणार. लेसच्या बुटात लहानशी चूक लेस सैल करून निभावते. चेल्सीत ती सोय नाही. म्हणून सगळ्यात लांब बोटापुढे बोटभर जागा हवी. चवडा दोन्ही बाजूंनी दबता कामा नये. पाय आत गेल्यावर इलॅस्टिक ताणून फाकलं असेल, तर बूट वरून घट्ट आहे. टाच नव्या बुटात किंचित उचलली जाते, सोल वाकू लागला की ते कमी होतं. पण प्रत्येक पावलाला बूट मागे राहत असेल तर तो मोठा आहे.

आणि नंबराचं काय? ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक साधारण ८.५ मिलिमीटर, युरोपियन मापात ६.७. त्यामुळे आठ म्हणजे बेचाळीस हा हिशेब अंदाजाचाच. शिवाय नुसत्या नंबरात रुंदी नसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांची पावलं मोजली, तेव्हा ती युरोपियन आणि अमेरिकन पावलांपेक्षा रुंद निघाली. इथल्या मॉलमधले बरेच बूट परदेशी साच्यावर बेतलेले. आपण रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो आणि मग टाच सटकते. त्यापेक्षा रुंद साच्याचा बूट मागावा.

गावाकडे चपला करणारे मामा कागदावर उभं करून पेन्सिलीने पाऊल आखून घ्यायचे. मी आता तेच करतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून, पूर्ण भार देऊन, आणि दोन्ही पायांची. कारण दोन्ही सारखे नसतात. दुकानात बुटातला सुटा तळवा काढून त्या आखणीवर ठेवायचा. रेघ बाहेर गेली की बूट परत. आई-बाबांसाठी इथून बूट नेणाऱ्यांनी तर हे कराच. फोटो मागवू नका, त्यात माप बदलतं. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा. ज्याच्या पायाला कमी कळतं, त्याला "टोचतंय का?" विचारून उपयोग नाही. त्याच्यासाठी बूट निवडण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आता चामडं. फुल-ग्रेन म्हणजे कातड्याचा वरचा थर न घासता ठेवलेला. तो मजबूत असतो आणि पायाप्रमाणे वळतो. घासून वर रंगाचा थर दिलेलं चामडं चकचकीत दिसतं, पण कमी वळतं. रेक्झिन जवळजवळ सैलावतच नाही आणि पुढे सोलवटतं. युरोपियन ब्रँडच्या लेबलवर कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे लेदर, नुसता चौकट म्हणजे इतर मटेरियल. स्वेड मऊ, इथली धूळ ब्रशने निघते. पण १६ एप्रिल २०२४ सारखा पाऊस झाला तर त्याचं काही खरं नाही. सोलही बघा. पॉलियुरेथेनचा सोल उष्णता आणि दमटपणामुळे न वापरताही भुसभुशीत होतो. माझे बूट दोन उन्हाळे कपाटात राहिले आणि पार्किंगमध्ये सोलचे तुकडे पडले.

बाबांकडे आता डॉक्टरांना दाखवून घेतलेले रुंद, मऊ अस्तराचे बूट आहेत. कोल्हापुरी फक्त लग्नकार्याला, तीही थोडा वेळ. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला, तर आई चष्मा लावून त्यांचे पाय तपासत होती. बाबा कुरकुरत होते, "रोज काय बघायचं त्यात?" आईने वर न बघता दुसरा पाय पुढे ओढला.