अँबॅसिडर आणि पिकअप

आमच्या इचलकरंजीत मालाची गाडी मागून बघावी. सायझिंगमधून बीम भरून निघालेल्या पिकअपचे मागचे पाटे भाराने दबून सरळ झालेले दिसतात. बीम उतरवले की त्याच पाट्यांची पुन्हा कमान होते, आणि रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उड्या मारत परत जाते.

गंमत म्हणजे जुन्या अँबॅसिडरलाही मागे पाटेच होते. मग ती मऊ का चालायची? आमच्या गल्लीतल्या एका पिकअपवाल्या पोराने मला हे विचारले. "चाचा, एखादा पाटा काढून टाकला तर माझीपण तशी चालेल का?" बायकोला सातवा महिना होता, त्याला तिला तपासणीसाठी सांगलीला न्यायचे होते.

श्रोतेहो, हा सगळा वजनाचा हिशेब आहे. (गझलेतही वजनच सांभाळावे लागते, पण तिथे चुकले तर फक्त दाद जाते.) अँबॅसिडरचे स्वतःचे वजन टनाच्या थोडे वर. तिच्यात पाच माणसे बसली तरी साडेतीनशे किलोची भर. म्हणजे भरली काय, रिकामी काय, फरक फार नाही. पाटे नरम ठेवता येतात. पिकअप जवळपास स्वतःच्या वजनाइतका माल उचलतो, आणि त्यातला बहुतेक भार मागच्या चाकांवर येतो. तेवढ्यासाठी ठेवलेला कडक पाटा रिकाम्या हौद्याखाली वाकतच नाही. रस्त्याचा दणका मग थेट वर.

बांधणीही निराळी. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबॅसिडर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात बनत होती. तिला वेगळी चॅसी नव्हती. पत्र्याची जोडलेली पेटी हाच तिचा सांगाडा. पिकअपला खाली लांब पोलादी चौकट, तिच्यावर पुढे केबिन, मागे हौदा.

आमच्या अम्मीला ऑपरेशननंतर मिरजेहून घरी आणले ते अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर आडवे झोपवून. टाके ओले होते. त्या काळी पेशंट न्यायचा तर हीच गाडी सांगायचे. म्हणून मी तिचे गोडवे गाणार नाही. ती पेट्रोल प्यायची, आणि मागे झोपवलेल्या माणसाला अचानक ब्रेक लागला तर धरायला काही नसायचे.

रिकाम्या पिकअपची खरी भीती दणक्यापेक्षा ब्रेकची. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते, आधीच हलकी असलेली मागची चाके आणखी हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर शेपूट फिरते. अशा बऱ्याच गाड्यांत भार बघून मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. पाटे काढले किंवा जादा घातले की गाडीची उंची बदलते आणि त्या व्हॉल्व्हचा अंदाज चुकतो. शिवाय काढलेल्या पाट्याचा भार उरलेल्यांवर पडतो, ते तुटतात.

लग्नाला, नाहीतर रात्रपाळी सुटल्यावर आपल्याकडे माणसे हौद्यात उभी राहून जातात. कायद्याने मालगाडीत अशी माणसे नेता येत नाहीत. हौद्यात सीट नाही, पट्टा नाही, आणि चाळीस माणसे भरली तरी ती पोत्यांसारखी जागच्या जागी राहत नाहीत. वळणावर सगळी एकाच बाजूला झुकतात.

त्या पोराला मी सांगितले, पाट्यांना हात लावू नकोस. बाईला भाड्याच्या कारने ने, पट्टा पोटाखालून घ्यायला सांग, आणि अडीअडचणीला १०८ ची रुग्णवाहिका आहेच.