बंदी जिल्ह्याची, धंदा सीमेचा

भंडाऱ्याहून पवनीला जाताना वाटेत अड्याळ लागतं. गाव पवनी तालुक्यातलं, पण पोलीस ठाणं स्वतःचं. आजूबाजूला धानाची शेती आणि मोहाची झाडं. अड्याळहून पवनीच्या पुढे गेलं की फार न जाता चंद्रपूर जिल्हा सुरू होतो. लाखांदूरच्या बाजूने गेलं तर गडचिरोली लागतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. भंडारा मात्र या यादीत नव्हता. त्यामुळे ती सहा वर्षं आपल्या पट्ट्यात विचित्र परिस्थिती होती. इकडे परवानाधारक दुकानातून उघडपणे विकला जाणारा पव्वा काही किलोमीटर पुढे नेला की गुन्ह्याचा मुद्देमाल व्हायचा. शिवाय त्याची किंमत दुप्पट-तिप्पट व्हायची.

या किमतीतल्या फरकावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. सगळी चर्चा दारू वाईट की बरी यावर अडते. दारूने घरं उद्ध्वस्त होतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रश्न वेगळा आहे: परवानाधारक दुकान बंद झालं, पण पिणारा तसाच राहिला, तर तो व्यापार कुणाच्या हाती जातो?

चंद्रपूरच्या बंदीमागे बायांची चळवळ होती, हे आधी नोंदवायला हवं. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने गावोगावच्या महिला एकत्र केल्या. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी मोर्चा नेला. नवऱ्याची मजुरी घरी येण्याआधीच संपते, हे त्यांचं रोजचं दुखणं होतं. सुधीर मुनगंटीवारांनी पालकमंत्री म्हणून मागणी लावून धरली आणि बंदी झाली.

पण बंदी राबवायला लागणारी माणसं, वाहनं आणि तपासनाके त्या प्रमाणात वाढले नाहीत. चंद्रपूरच्या सीमा नागपूर, यवतमाळ आणि भंडाऱ्याला लागतात, शिवाय तेलंगणालाही. एका पेटीत १८० मिलीचे ४८ पव्वे. गाडीत पन्नास पेट्या बसल्या तरी चोवीसशे पव्वे होतात. प्रत्येकामागे पन्नास रुपये सुटले असं धरा, म्हणजे एका फेरीचे सव्वा लाखाच्या आसपास पैसे झाले. शेतमजुराला वर्षभरात जेवढं मिळत नाही, तेवढं इथे एका रात्रीत हाती पडतं. गाडी, चालक, पुढे जाऊन रस्ता पाहणारा मोटारसायकलस्वार, गावात माल उतरवून घेणारा, किरकोळ विकणारा अशी साखळी उभी राहायला वेळ लागत नाही. अशी साखळी चालवायला पोलिसांत ओळख लागते, आणि ओळखीला हप्ता लागतो. सरकारच्या तिजोरीत जाणारा कर अशा रीतीने खाकीच्या खिशात वळतो.

२०२१ च्या सुरुवातीला सरकारने निवृत्त प्रधान सचिव रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे महिन्यात बंदी उठवताना सरकारने जे आकडे पुढे केले, त्यानुसार बंदीआधीच्या २०१० ते २०१४ या पाच वर्षांत १६,१३२ गुन्हे नोंदले गेले होते, तर बंदीतल्या २०१५ ते २०१९ मध्ये ४०,३८१. बंदीच्या काळात या गुन्ह्यांत ४,०४२ महिला आणि ३२२ मुलंही सापडली.

हे आकडे सांगताना एक खबरदारी घ्यायला हवी. काल कायदेशीर असलेली विक्री आज गुन्हा ठरवली, तर गुन्हे वाढणारच. म्हणून पहिल्या दोन आकड्यांवर मी फार विसंबत नाही. मला अस्वस्थ करतात ते महिला आणि मुलांचे आकडे. सूर्यास्तानंतर बाईला अटक करताना पोलिसांवर निर्बंध असतात, अल्पवयीन मुलाला तुरुंगात टाकता येत नाही. हे धंद्यातल्या माणसाला नेमकं ठाऊक असतं. म्हणून माल बाईच्या घरात राहतो आणि पोराच्या दप्तरातून पोहोचतो. ज्या बायांनी बंदी मागितली, त्यांच्याच वस्तीतल्या बाया आरोपी झाल्या.

आणि ६ नोव्हेंबर २०१८ ची घटना तर आकड्यांत मावतच नाही. दिवाळीचे दिवस होते. नागभीड तालुक्यात मौशीजवळ पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारूची गाडी अडवायला गेले आणि तस्करांनी त्यांच्या अंगावर गाडी घातली. त्यात चिडे यांचा मृत्यू झाला. दारूची चोरटी ने-आण करणारा माणूस पोलिसाला चिरडायला धजावतो, तेव्हा तो किरकोळ विक्रेता उरलेला नसतो.

किरकोळ विक्रेता कोण, हे आपल्या भागातल्या कोणालाही विचारा. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलं वेचायची, वाळवून ठेवायची. ती पाण्यात भिजवून गूळ आणि नवसागर घालून ड्रममध्ये आंबवायची, तो सडवा. मग नाल्याकाठी चूल मांडायची, कारण वाफ गार करायला पाणी हवं. भांड्यावर भांडं ठेवून थेंब-थेंब जमवायचा. या भट्टीवर धाड पडते, ड्रम फुटतात, सडवा मातीत ओतला जातो, दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ चा गुन्हा लागतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. कारवाईचा आकडा अशा गरिबांच्या भट्ट्यांनी भरतो. पेट्या भरलेली गाडी त्याच रात्री दुसऱ्या रस्त्याने निघून जाते. ज्या २०२१ च्या मे महिन्यात चंद्रपूरची बंदी उठली, त्याच महिन्यात राज्य सरकारने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे जुने निर्बंधही काढले. मला विचाराल, तर तो निर्णय फार उशिरा झाला.

चंद्रपूरने भोगलं ते मुंबईने सत्तर वर्षांपूर्वी भोगलं आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० मध्ये संपूर्ण बंदी लागू झाली. मोरारजी देसाई तिचे कट्टर पुरस्कर्ते होते. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा आपल्याकडेही आला. मुंबईत धारावी, अँटॉप हिलच्या खाजणांत हातभट्ट्या पेटल्या. टायरच्या ट्यूबमध्ये भरून दारू शहरभर फिरू लागली. व्ही.टी. स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच धंद्यातून मोठा झाला. पुढे वस्तीतले तंटे तोच सोडवायचा, कारण पैसा, माणसं आणि पोलिसांतल्या ओळखी हे सगळं त्याच्याकडे होतं. वसंतराव नाईकांच्या काळात बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, पण टोळ्या राहिल्या. दारूसाठी जमवलेली माणसं पुढे खंडणीला आणि जागा बळकावायला कामी आली. ऐंशीच्या दशकात पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांनी वरदराजनचं साम्राज्य मोडलं. तोवर एक पिढी गेली होती.

अमेरिकेतही १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हेच घडलं. शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला खुनांसाठी शिक्षा करता आली नाही. १९३१ मध्ये त्याला तुरुंगात पाठवलं ते प्राप्तिकर चुकवल्याबद्दल. बिहारमध्ये २०१६ पासून बंदी आहे. २०२४ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्टच म्हटलं, की या कायद्यातून पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याला मोठा पैसा मिळतो आणि भरडला जातो गरीब.

मग बंदी उठवली की प्रश्न सुटला का? नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, तेव्हा मुंबईत बंदी नव्हती. कर भरलेली दारू परवडत नाही, तो स्वस्त विषाकडे वळतो. मिथेनॉल मिसळणाऱ्याला बंदी असो वा नसो, गिऱ्हाईक मिळतंच.

गडचिरोलीची कहाणी म्हणूनच नीट पाहावी अशी आहे. तिथेही चोरटी दारू येते, हे कुणी नाकारत नाही. पण डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामामुळे आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती मोहिमेमुळे शेकडो गावांत बंदीची राखण गावच करतं. बैठका होतात, भट्टी कुणाची हे गावाला माहीत असतं, आणि व्यसन सोडू पाहणाऱ्याला उपचारही मिळतात. तिथे कायद्याला गावाचा आधार आहे. चंद्रपुरात कायदा जिल्ह्याचा होता आणि त्याची चावी ठाण्याच्या हाती.

भंडारा जिल्ह्यातल्या भगिनींना म्हणून सांगावंसं वाटतं. गावातलं दुकान बंद करायचं असेल, तर सरकारच्या घोषणेची वाट पाहू नका. पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की मतदान घ्यावं लागतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, पडली, की दुकान जातं. पण मतदानाच्या दुसऱ्याच दिवसापासून दोन कामं करा. दुकान गेल्यावर गावात कोण विकतं, याची नोंद प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार मिळावेत, यासाठी आमदारांच्या मागे लागा. यातलं एकही काम राहिलं, तर बंद झालेल्या दुकानाची जागा कोण घेईल, हे चंद्रपूरने दाखवून दिलं आहे.