प्रेमपत्राच्या पाकिटातील किडा

श्रोतेहो, 'हे पत्र वाचताच अकरा जणांना अशीच पत्रे धाडा, नाही तर अनिष्ट होईल,' असा मजकूर लिहिलेली पोष्टकार्डे पूर्वी आपल्या गावोगाव फिरत असत, हे थोरांना आठवत असेल. ही साखळी चाले माणसाच्या भीतीवर; आणि अकरा कार्डे लिहिण्याचा कोणी कंटाळा केला, की ती तुटे. आता अशी कल्पना करा, की पत्र उघडताक्षणी ते पत्रच तुमच्या वहीतले सगळे पत्ते काढते, आपली नक्कल आपणच उतरवते आणि तुमच्या नावाने घरोघर पोचते. संगणकातला 'व्हायरस' म्हणतात तो थोडक्यात हाच. तो काही हवेतून येणारा जंतू नव्हे. कोणा तरी माणसाने बसून लिहिलेल्या त्या सूचना असतात, आणि यंत्र बिचारे त्या निमूटपणे पाळते.

तेव्हा प्रश्न असा, की हे लिहितो कोण? एकाची हकीगत सांगतो.

फिलिपीन्सची राजधानी मनिला. तिथल्या एका संगणक महाविद्यालयात ओनेल दे गुझमान नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मिळे आणि त्याचे पैसे भरावे लागत. ते गरीब विद्यार्थ्याला कसे परवडावे? ओनेलने पदवीच्या प्रबंधासाठी विषय मांडला तो असा : दुसऱ्यांचे परवलीचे शब्द, म्हणजे पासवर्ड, गुपचूप मिळवून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ज्यांच्याजवळ पैसे नाहीत त्यांनाही इंटरनेट वापरता येईल. ही तर चोरी झाली, असे म्हणून महाविद्यालयाने विषय नाकारला. ओनेल पदवी न घेताच बाहेर पडला.

पुढे ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' अशा मथळ्याची ई-पत्रे जगभर सुटली. सोबत 'लव्ह लेटर फॉर यू' नावाची फाईल जोडलेली. नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' ही अक्षरे दिसत. अर्थात हा साधा मजकूर आहे, असे वाचणाऱ्यास वाटे. खरे शेपूट त्याच्याही पुढे होते, 'व्हीबीएस'. ही खूण चालत्या प्रोग्रॅमची. पण विंडोज प्रणाली शेवटचे शेपूट सहसा दाखवीतच नसे. शिवाय पत्र येई ते ओळखीच्या माणसाच्या नावाने. साहेबाचे प्रेमपत्र कारकुनाला आले, तर तो उघडून पाहणार नाही का? उघडले, की आतला किडा चित्रांच्या फायली पुसून त्या जागी स्वतःची नक्कल बसवी, पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम आणू पाही आणि पत्त्यांच्या यादीतील प्रत्येकाला पुढचे पत्र धाडी. काही दिवसांतच लक्षावधी संगणक बाधले. ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली ई-पत्रे काही काळ बंद ठेवावी लागली.

तपास मनिलाला येऊन पोचला. ११ मे रोजी ओनेल पत्रकारांपुढे आला तो काळा चष्मा लावून, तोंडावर रुमाल धरून. कदाचित चुकून सुटला असेल, एवढेच तो म्हणाला. खटला मात्र उभा राहू शकला नाही, कारण व्हायरस सोडणे हा गुन्हा ठरविणारा कायदाच तेव्हा फिलिपीन्समध्ये नव्हता! जून २००० मध्ये तो घाईने झाला. पण आजचा कायदा कालच्या कृत्याला लावता येत नाही. ऑगस्टमध्ये ओनेल सुटला. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच सालचा. तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि त्यात संगणकात व्हायरस घालण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून 'गंमत म्हणून केले' ही सबब आपल्याकडील मुलाला उपयोगी पडायची नाही.

पुढे ओनेलचे काय झाले? वीस वर्षांनी, २०२० साली, एका ब्रिटिश पत्रकाराने त्याची कबुली प्रसिद्ध केली. पत्रकाराला तो सापडला मनिलाच्या बाजारात, मोबाइल दुरुस्तीच्या लहानशा दुकानात. प्रोग्रॅम आपणच लिहिला, पासवर्ड हवे होते म्हणून लिहिला, तो एवढा पसरेल असे वाटले नव्हते, आणि आता पस्तावतो, असे त्याने सांगितले.

शिक्षक बंधुभगिनींनी या गोष्टीचा थोडा विचार करावा. महाविद्यालयाने चोरीला नकार दिला, हे योग्यच झाले. पण पोराने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने हे नवे ज्ञान कसे मिळवावे, हा तो प्रश्न. आपल्या वर्गातही एखादा मुलगा शाळेच्या संगणकाचे कुलूप उघडून दाखवतो. त्याला रागावणे सोपे आहे, आणि रागवावेही. पण त्यानंतर त्याला जवळ बसवून, 'आता हेच कुलूप पक्के कसे करायचे ते दाखव,' असे म्हणणारा कोणी तरी हवा.

आणि बाकीच्या श्रोत्यांनी एवढे ध्यानात धरावे : पाकीट बदलले, युक्ती तीच आहे. २०२४ साली आपल्याकडे पोलिसांनी मोबाइलवर येणाऱ्या लग्नपत्रिकांविषयी इशारे दिले. पत्रिका म्हणून जी फाईल येई तिचे शेपूट 'एपीके', म्हणजे चालता प्रोग्रॅम. तेव्हा निमंत्रण कितीही जवळच्याचे असो, उघडण्यापूर्वी त्याला एक फोन करून विचारावे, 'काय हो, खरेच लग्न आहे ना?'