निमंत्रितांचा चषक

अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात १ जून २०१८ रोजी भारताने चायनीज तैपेईला ५-० असं धुतलं. कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. पाहायला प्रेक्षक होते २,५६९. इंटरकॉन्टिनेंटल फुटबॉल चषकाचा हा पहिलाच सामना. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले: टीका करा, शिव्या घाला, पण मैदानात या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. छेत्रीचा तो शंभरावा सामना. भर पावसात भारत ३-० जिंकला. अंतिम सामन्यात पुन्हा केनिया, २-०, दोन्ही गोल छेत्रीचे.

या स्पर्धेला पात्रता फेरी नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ बोलावतो, ज्यांना जमेल ते येतात. पहिल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने माघार घेतली, म्हणून केनिया आला. सहसा चार संघ एकमेकांशी खेळतात, पहिले दोन अंतिम सामन्यात. फिफाच्या क्रमवारीत हे मैत्रीपूर्ण सामनेच: विश्वचषक पात्रतेच्या सामन्याला २५चा गुणक, इथे फार तर १०. खरी कमाई सरावाची. २०१८मध्ये डोळ्यांसमोर होता पुढच्या जानेवारीतला आशियाई चषक.

असा प्रयोग आधीही झाला होता. नेहरू चषक १९८२मध्ये कोलकात्यात सुरू झाला आणि पहिल्यांदा उरुग्वेने नेला. घरचा चषक उचलायला भारताला २००७ उजाडलं. २००९ आणि २०१२मध्येही तो जिंकला, आणि मग स्पर्धाच थांबली.

नवा चषकही नावापुरताच वार्षिक. २०१८ ते २०२४ या सात वर्षांत तो चारदाच झाला. २०१९मध्ये अहमदाबादला ताजिकिस्तान, उत्तर कोरिया आणि सीरिया आले. भारताने तीन सामन्यांत १० गोल खाल्ले आणि तळ गाठला. २०२३मध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला हरवून चषक परत आला. २०२४मध्ये हैदराबादला तीनच संघ होते: मॉरिशसशी ०-० बरोबरी, सीरियाकडून ०-३ पराभव.

यजमानाला पाहुणे निवडता येतात, हीच या स्पर्धेची सोय आणि हाच तिचा मोह. सोप्या पाहुण्यांमुळे चषक घरात राहतो. बचाव कुठे फाटतो ते दाखवायला अहमदाबादला आले तसे पाहुणे लागतात. महासंघाने पुढची पत्रं तशाच संघांना धाडावीत. आणि प्रेक्षकांनी खुर्च्या भरायला कर्णधाराच्या विनवणीची वाट पाहू नये.