फौजेचा हिरवा रंग जंगलातून आला

मनमाडहून देवळालीकडे जाणारी लष्कराची मालगाडी लासलगाव स्टेशनातून पुढे सरकते, तेव्हा उघड्या वाघिणींवर साखळदंडांनी जखडलेले हिरवे ट्रक फलाटावरून नीट न्याहाळता येतात. पावसाळा सरताना रानं भरलेली असतात. गाडी थोडी लांब गेली की ट्रक त्यात मिसळून जातात. एप्रिलात मात्र उन्हाळ कांदा निघालेला असतो, काळी ढेकळं उघडी पडतात आणि तोच हिरवा कोसभरावरून डोळ्यांत भरतो. वर्दीचा रंग लढायच्या जमिनीवर ठरतो, तो असा.

पूर्वी फौजांना लपायचंच नसे. बंदुकीच्या काळ्या दारूच्या धुरात आपला माणूस ओळखू यावा म्हणून भडक रंग बरा. मुंबई फौजेतले मराठी शिपाईही लाल डगल्यात लढले. 1840 मध्ये बलुचिस्तानातला काहान किल्ला महिनोन्महिने झुंजवणारी ‘काळी पाचवी’ पलटणही त्यातलीच. ‘काळी’ म्हणायचं ते डगल्याच्या काळ्या कॉलर-बाह्यांमुळे. या पराक्रमाबद्दल तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला.

हिरवा आणला शिकाऱ्यांनी. जर्मन मुलखातले शिकारी आणि वनरक्षक फौजेत भरती झाले ते आपल्या रानातल्या हिरव्या पोशाखानिशी. त्यांच्या हाती आटे पाडलेल्या नळीची रायफल होती. तिचा नेम लांबवर अचूक लागे, पण ती भरायला वेळ फार. तेवढा वेळ झाडाआड दडून काढायचा, तर अंगावर लाल डगला कसा चालेल? इंग्रजांनी 1797 मध्ये आपल्या 60व्या रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनला हिरवे डगले दिले, 1800 मध्ये खास रायफल दल उभं केलं. त्यांचा हिरवा जवळजवळ काळाच. ‘रायफल ग्रीन’ नावाची ती छटा आजही आपल्या पायदळाच्या बेरेवर आहे.

आपल्याकडे मात्र रुजली ती खाकी. 1846च्या सुमारास पेशावरला हॅरी लम्सडेननं ‘गाइड्स’ दलाला मातकट कपडे दिले. सरहद्दीच्या धुळीत ते उत्तम. ब्रह्मदेशात जपानी फौजेशी गाठ पडली तेव्हा तीच खाकी ओल्या, दाट रानात उठून दिसू लागली. मग भारतातच खाकी कपडे हिरव्या रंगात बुडवून काढले गेले आणि पुढे ‘जंगल ग्रीन’ रूढ झाला. रंग फार टिकत नसे. घाम, पाऊस, ऊन यांनी सदरा करडा पडे.

स्वातंत्र्यानंतर पाकिस्तानच्या लष्करानं खाकी ठेवली, आपल्याकडे ती पोलिसांच्या अंगावर राहिली. आपल्या लष्करानं ऑलिव्ह ग्रीन घेतला. पण वाळवंट आणि बर्फापासून ईशान्येच्या जंगलापर्यंत पसरलेल्या देशाला एकच हिरवा पुरणार कसा? लढाईच्या पोशाखावर ठिपके-पट्टे आले ते त्यासाठीच. 15 जानेवारी 2022 रोजी लष्कर दिनाच्या संचलनात दिसलेल्या नव्या पोशाखात ऑलिव्ह आणि मातीच्या छटा एकत्र आहेत.

आता निव्वळ डोळ्याला फसवूनही भागत नाही. जिवंत पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवतं. साधा हिरवा रंग दिलेलं कापड तसं करीलच असं नाही. मग दिवसा झुडपात बेमालूम मिसळलेला जवान रात्रीच्या दुर्बिणीत काळा डाग होऊन उठून दिसतो. म्हणून वर्दीचं कापड रंगवताना ते अवरक्त प्रकाशात कसं दिसतं, हेही तपासावं लागतं.