फिल्टर बंपरमागे, पाणी इंजिनात: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत पाऊस नुसता कोसळतो. पूर्वेकडचे तालुके एरवी कोरडे, पण तिथेही ओढा कधी फुगेल याचा नेम नाही. 2021च्या ऑगस्टअखेरीस शेवगाव-पाथर्डीने ते अनुभवलं. खुद्द शहरात सीनेला पूर आला की नगर-कल्याण रस्त्यावरच्या पुलाशी वाहनं खोळंबतात. अशा मुलखात कंपनीचा एअर बॉक्स काढून बाहेरचा ‘कोल्ड एअर इन्टेक’ बसवायची हौस असेल, तर त्याबद्दलचे काही समज आधी तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज 1: असा इन्टेक लावला की पावसात इंजिन गेलंच.
वस्तुस्थिती: नुसत्या पावसाने इंजिन बसत नाही. हवेबरोबर आत गेलेले चार थेंब उष्णतेने वाफ होऊन निघून जातात. प्रश्न फिल्टरच्या जागेचा आहे. कंपनी हवेचं तोंड शक्यतो वर, बॉनेटच्या कडेजवळ ठेवते आणि एअर बॉक्सला तळाशी निचऱ्याची छिद्रं देते. बाहेरच्या इन्टेकचे साधारण दोन प्रकार असतात. एकात उघडा कोन फिल्टर इंजिनाशेजारी वरच राहतो. दुसऱ्यात थंड हवेसाठी लांब पाइप खाली नेऊन फिल्टर बंपरमागे किंवा चाकाच्या कमानीत बसवतात. धोका मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात आहे. तिथे जेमतेम फूटभर पाणीसुद्धा फिल्टरला गाठू शकतं.

गैरसमज 2: फिल्टर तेलाचा आहे, पाणी अडवतो.
वस्तुस्थिती: तेल लावलेला कापडी फिल्टर धूळ आणि थोडेफार शिंतोडे अडवतो. तो पाण्यात बुडाला, तर इंजिन हवेऐवजी पाणीच ओढतं. त्या ओढीपुढे कापडाचं काही चालत नाही.

गैरसमज 3: कपभर पाण्याने काय होतंय?
वस्तुस्थिती: हिशोबच करून पाहा. चार सिलिंडरच्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला 300 मिलिलिटर येतात. कॉम्प्रेशन 10 ला 1 धरलं, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरलेली जागा सुमारे 33 मिलिलिटर भरते. 1.5 लिटर डिझेलमध्ये 16 ला 1 धरलं, तर ती जेमतेम 25 मिलिलिटर, म्हणजे पाच चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या जागेत मावणार नाही इतकं पाणी आलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड तुटून ब्लॉक फुटल्याचीही उदाहरणं आहेत. यालाच ‘हायड्रोलॉक’ म्हणतात.

गैरसमज 4: आपली गाडी उंच आहे, आणि रेस दिली की निघते.
वस्तुस्थिती: थारसाठी कंपनी 650 मिलिमीटर पाण्याची क्षमता सांगते. तो आकडा कंपनीच्या मूळ इन्टेकचा आहे. फिल्टर खाली आणला की त्याचा आधार घेता येत नाही. जोरात रेस दिली की इंजिनाची ओढ वाढते, आणि वेगाने घुसलं की बॉनेटसमोर लाट उठते. त्यामुळे पाण्यातून जाणं भागच असेल, तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या संथ गतीने जावं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर जाऊच नये. फूट-दीड फुटाच्या वाहत्या पाण्यात गाडीच उचलली जाऊ शकते.

गैरसमज 5: स्नॉर्कल किंवा बायपास व्हॉल्व्ह बसवला की निर्धास्त.
वस्तुस्थिती: फिल्टर बुडाला की वरून हवा घेणारे व्हॉल्व्ह मिळतात. पण ते टर्बो इंजिनासाठी नसतात, आणि आजच्या डिझेल मोटारी बहुतेक टर्बोच आहेत. स्नॉर्कलचा, म्हणजे वरून हवा घेणाऱ्या उंच नळीचा, उपयोग आहे, मात्र एअर बॉक्सपर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद हवा. लष्करी तळामुळे नगरकरांना रणगाडे नवे नाहीत. टी-72 रणगाडा स्नॉर्कल लावून सुमारे पाच मीटर खोल पाण्यातून जातो, पण आधी त्याच्या फटी बंद करून, पूर्ण तयारीनिशी. आपल्या गाडीचं वायरिंग, अल्टरनेटर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) मात्र उघड्यावरच असतात.

गैरसमज 6: बंद पडली तर दोन-तीनदा स्टार्टर मारावा.
वस्तुस्थिती: सगळ्यांत महागडा समज हा. पाण्यात गाडी आपोआप बंद पडली, तेव्हा इंजिन कदाचित शाबूत असतं. पुढच्या स्टार्टरने रॉड वाकू शकतो. चावी काढा, जमेल तर बॅटरीची तार सोडवा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. फिटर आधी एअर फिल्टर ओला आहे का पाहतो, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ झालंय का तपासतो. मग पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन फिरवतो. पाणी त्या भोकांतून बाहेर उडतं.

गैरसमज 7: इन्शुरन्स आहेच की.
वस्तुस्थिती: साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलं असलं, तरी न कळवलेल्या फेरफारावर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो. कायद्याचंही भान हवं. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खालच्या मान्यताप्राप्त संस्था ते तपासतात. त्यांत पुण्याची एआरएआय आहे, तशी आपल्या नगरची व्हीआरडीईही. त्यानंतर नियमबाह्य फेरफार केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार प्रत्येक फेरफारामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बाहेरचा इन्टेक आधीच लावला असेल, तर आज एक काम करा: टेप घेऊन जमिनीपासून फिल्टरच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. तो आकडा चाकाच्या निम्म्या उंचीपेक्षा कमी भरला, तर पावसाळाभर कंपनीचा एअर बॉक्सच परत बसवून घ्या.