सनदेनंतरची पहिली तीन वर्षे

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये राज्याच्या बार कौन्सिलकडून सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, मिळवणाऱ्यास कायदा त्या दिवसापासून वकील मानतो. पक्षकार मात्र त्याला तसे मानायला पुढची काही वर्षे घेतात, आणि नवोदित वकिलाच्या तुटपुंज्या प्राप्तीचे मूळ या दोन मान्यतांमधील अंतरात आहे.

हे अंतर ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात ‘ज्युनियर’ राहून कापावे लागते, पण ते नाते नोकरीचे नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्यास पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून ज्युनियरला मिळते ते विद्यावेतन, म्हणजे शिकण्याच्या काळात निर्वाहासाठी दिलेली रक्कम, आणि मोठ्या लॉ फर्ममध्ये तिलाच दरमहा ठरलेल्या व्यावसायिक शुल्काचे, म्हणजे ‘रिटेनर’चे रूप येते. परिणामी भविष्य निर्वाह निधीसारखे संरक्षण बहुधा लाभत नाही आणि रक्कम ठरवणे बहुतांशी ज्येष्ठाच्याच हाती राहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन सुचवले, तथापि ही शिफारस आहे, बंधन नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी ज्येष्ठाची स्वतःची मिळकतच अनियमित असल्याने तेवढी रक्कम देणे त्यालाही अनेकदा जड जाते. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नवोदित वकिलांना दरमहा ५,००० रुपये देणारी सरकारी योजना सुरू केली, ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून.

उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील नेरळच्या नव्या वकिलापुढे यातून दोन वाटा उरतात. कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयात प्राप्ती कमी असते, परंतु सातबारा, फेरफार, वाटणी, कुळकायदा आणि आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारे महसूल संहितेचे कलम ३६अ यांच्याशी रोजचा संबंध येतो आणि साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची संधी तुलनेने लवकर मिळते. मुंबईच्या फोर्ट भागातील फर्ममध्ये रक्कम मोठी असली, तरी लोकलने जाता-येता चारेक तास जातात आणि प्रत्यक्ष न्यायालयात उभे राहण्याऐवजी संशोधन व मसुदालेखन यांतच दीर्घ काळ जाऊ शकतो.

कार्यालय कधी बदलावे, याचा निकषही यातच दडलेला आहे. अपुरे विद्यावेतन ही शिक्षणासाठी सोसलेली तूट मानली, तर शिक्षण थांबले की ती सोसण्याचे कारणही संपते. वर्ष उलटल्यावरही ज्युनियरकडे केवळ तारखा घेण्याचे काम असेल, त्याचे मसुदे दुरुस्तीविना परत येत असतील किंवा वकीलपत्रावर त्याचे नावच येत नसेल, तर थांबण्यात लाभ नाही. उलट ज्येष्ठ वकील चुका दाखवून देत असेल आणि लहान अर्जांवर युक्तिवाद करू देत असेल, तर थोड्या अधिक रकमेसाठी घाईने निघणे तोट्याचे ठरते. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. हा काळ बार कौन्सिलकडील तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जात असल्याने कार्यालय बदलल्याने तो खंडित होत नाही, मात्र त्यासाठी किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र लागते.

निघण्याची रीतही म्हणूनच महत्त्वाची ठरते. दुसऱ्या वकिलाचे वकीलपत्र दाखल असलेल्या प्रकरणात त्याच्या संमतीविना, किंवा ती न मिळाल्यास न्यायालयाच्या परवानगीविना, उभे राहता येत नाही, आणि पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन कार्यालय सोडल्यावरही सुटत नाही. कर्जतसारख्या लहान न्यायालयात तर आज सोडलेला ज्येष्ठ वकील उद्या समोरच्या बाजूने उभा असतो, आणि प्रमाणपत्रावर सहीही कदाचित त्याचीच लागते.